हुशार आहे, पण बुटाची नाडी बांधता येत नाही

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे. पाढे तोंडपाठ, गोष्टींची पुस्तकं भराभर वाचतो. पण बुटाची नाडी बांधता येत नाही, बटणं वरखाली लागतात, जेवताना आमटी सांडते, सायकल येत नाही. अक्षर बाईंना लागत नाही, म्हणून मी रोज दोन पानं शुद्धलेखन लिहून घेते आणि रोज रडारड होते. सासूबाई म्हणतात, वेंधळा आहे, दोन रट्टे दिले की सुधारेल. डॉक्टर म्हणाले, डिस्प्रॅक्सिया असू शकेल. माझे मिस्टरही थोडे असेच. छत्तिसाव्या वर्षीही गाडी चालवत नाहीत, ऑफिसातले कागद हरवतात. हे असंच राहणार का? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, आधी ती दोन पानं बंद करा. आजपासूनच. त्याची वही उघडून पहिली ओळ आणि दहावी ओळ शेजारी ठेवून पाहा. दहावी जास्त वेडीवाकडी असेल, तर तो आळस नाही, थकवा आहे. डिस्प्रॅक्सियात बुद्धी शाबूत असते, हातात ताकदही असते. अडतं ते मेंदूनं हालचालीची आखणी करण्यात आणि ती हाताच्या अंगवळणी पडण्यात. इतर मुलांचा 'क' काही दिवसांत आपोआप उमटायला लागतो. तुमच्या मुलाला वळण, काना, शिरोरेषा यांचा प्रत्येक वेळी नव्यानं विचार करावा लागतो. अशा हातानं दोन पानं लिहून घेतली तर चुकीचीच हालचाल पक्की होते, आणि लिहिण्याचा धसका बसतो तो वेगळाच.

सासूबाईंना एवढंच सांगा : चष्म्याचा नंबर रट्टे देऊन उतरत नाही, तसंच हे आहे.

'असू शकेल' यावर मात्र थांबू नका. यासाठी रक्ताची तपासणी किंवा एमआरआय नसतो. विकासात्मक बालरोगतज्ज्ञ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं करायला शिकवणारे तज्ज्ञ) त्याला चेंडू झेलायला, तोल सांभाळायला, मणी ओवायला लावून वयाच्या मानानं तो कुठे आहे ते मोजतात. डोळेही तपासून घ्या. आणि एक गोष्ट नीट आठवून पाहा. आधी येणाऱ्या गोष्टी आता येईनाशा झाल्यात का? जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकत टेकत उठतो का? एकाच बाजूचा हातपाय कमी वापरतो का? यातलं काहीही असेल तर कारण वेगळं असू शकतं. लगेच मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा.

शिकवायचं कसं? एका वेळी एकच गोष्ट, आणि ती त्यानंच निवडायची. त्यानं नाडी निवडली असं धरू. गोल, गुळगुळीत नाडी सुटते, म्हणून चपटी सुती घ्या. दोन रंगांच्या नाड्या मधोमध कापा, प्रत्येकीचा एक तुकडा घेऊन त्यांची गाठ मारा आणि ती गाठ पंजाकडे ठेवून ओवा. म्हणजे डावी-उजवी बाजू डोळ्यांना वेगळी दिसते. बूट त्याच्या मांडीवर, टोक त्याच्यापासून लांब. समोर बसून दाखवू नका, सगळं उलटं दिसतं, शेजारी बसा. आधीची साधी गाठ मारून झाली की दोन फासे करायचे, सशाच्या कानांसारखे. त्यांची फुली करायची, एक कान खालून आत घालायचा, ओढायचं. पण शिकवायचं शेवटाकडून. पहिले काही दिवस सगळं तुम्ही करा, त्यानं फक्त शेवटी ओढायचं. ते सहज जमलं की 'खालून आत'ही त्याचं, मग फुली. अशानं प्रत्येक वेळी गाठ त्याच्याच हातानं पूर्ण होते. शब्द रोज तेच ठेवा आणि त्यालाच म्हणू द्या : 'कान, कान, फुली, आत, ओढ.' चुकलं तर हात धरून करून देऊ नका, 'कुठे अडलं?' असं विचारा आणि पुढची युक्ती त्याला शोधू द्या. दिवसाला पाच-दहा मिनिटं पुरेत. तोवर शाळेत वेल्क्रोचे बूट.

लिहिताना तळवे जमिनीवर टेकलेच पाहिजेत. पाय लोंबकळत असतील तर अर्धी ताकद तोल सावरण्यातच जाते. पायाखाली रद्दीचा गठ्ठा ठेवा, वहीखाली जाड बॉक्स फाइल तिरकी ठेवा. तो पेन्सिल दाबून लिहीत असेल तर तिकोनी, २बी शिशाची द्या. कमी जोरात गडद उमटतं. शिरोरेषा शब्द पूर्ण झाल्यावर एकदाच ओढायची. गणितासाठी चौकटीची वही, एका चौकटीत एकच अंक. हातचा बरोबर धरूनही अंक शेजारच्या रकान्यात सरकल्यामुळे उत्तर चुकतं, आणि गणित कच्चं असल्याचा ठपका बसतो. ताटाखाली ओलं फडकं घाला म्हणजे ते सरकणार नाही. आमटीला जड वाटी, पेला अर्धाच भरलेला.

सायकलचे दोन्ही पॅडल काढून टाका. डावं पॅडल उलट्या आट्याचं असतं, ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं सुटतं. सीट इतकी खाली घ्या की दोन्ही तळवे सपाट टेकतील. मोकळ्या मैदानात अगदी हलक्या उतारावर पायांनी ढकलत जाऊ द्या. दहा आकडे म्हणेपर्यंत पाय वर राहिले की पॅडल बसवा. आधाराची छोटी चाकं नकोत. ती सायकलला कलू देत नाहीत, आणि तोल तर कलण्यातूनच शिकायचा असतो.

शाळेत भेटून फळ्यावरचं उतरवणं कमी करा आणि काही उत्तरं तोंडी घ्या, एवढं मागा. त्यासाठी प्रमाणपत्र लागत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत डिस्प्रॅक्सियाचं नाव स्पष्ट आहे. पुढे परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक लागणार असेल, तर प्रमाणपत्राची चौकशी सरकारी रुग्णालयात आत्ताच सुरू करा.

हे सहसा पूर्ण जात नाही, ताई. पण शिकलेली गोष्ट हातात राहते, आणि मोठेपणी काय टाळायचं, काय सोपं करून घ्यायचं हे माणसाच्या हातात असतं. हे घराण्यात असू शकतं, त्यामुळे मिस्टरांनाही हेच असणं अगदी शक्य आहे. (त्यांचा धांदरटपणा अलीकडेच सुरू झाला असता तर मात्र तपासणी हवी होती.) क्लच, गिअर, आरसा, स्टिअरिंग हे सगळं एकदम सांभाळणंच त्यांना जड जात असणार, त्यांनी ऑटोमॅटिक गाडीवर, एकाच गाडीवर, एकाच शिक्षकाकडे शिकावं. ऑफिसात कागदांसाठी एकच ट्रे, तोंडी सूचना तिथल्या तिथे लिहून घ्यायच्या, निघण्याआधी दहा मिनिटांचा गजर.

आणि मुलाला नाडी त्यांनीच शिकवावी. 'मलाही हे उशिरा जमलं' हे वाक्य त्या घरात फक्त तेच म्हणू शकतात. सुरुवात रविवारी दुपारी करा, शाळेच्या घाईत नको.