काटकुळा भाचा आणि रग्बी लीग

भाचा ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलला दहावीत, अंगाने काटकुळा, आणि रग्बी लीग खेळूनच पोट भरणार म्हणतो. ताई हवालदिल, म्हणून तुम्ही विचारताय की एवढासा पोरगा तिथे टिकेल का. टिकू शकतो. या खेळातला नावाजलेला खेळाडू जॉनथन थर्स्टन त्याच गावच्या क्लबात टिकला, आणि तोही असाच बारीक.

आधी ताईला खेळ सांगा. ऑलिंपिकमध्ये दिसते ती रग्बी वेगळी. इथे तेरा-तेरा गडी, आणि सहाव्या पकडीला चेंडू समोरच्यांच्या हवाली. कबड्डी पाहिलेल्या माणसाला पाच मिनिटांत उमगतं. पैशाचा वाद मात्र जन्मापासूनचा. सामन्यापायी खाण-गिरणी कामगारांचा रोज बुडायचा, त्याची भरपाई देण्यावरूनच १८९५ साली उत्तर इंग्लंडचे क्लब वेगळे झाले.

थर्स्टन ब्रिस्बेनचा, जन्म १९८३. 'फारच बारीक' म्हणून पोरवयात क्लबांनी त्याला बाजूलाच ठेवलं होतं. २००२ मध्ये तो सिडनीच्या बुलडॉग्ज क्लबाकडून उतरला. २००४ ची ग्रँड फायनल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, जिंकल्यावर मिळालेली अंगठी त्याने जखमी कप्तान स्टीव्ह प्राइसला देऊन टाकली, कारण त्याच्याच जागी हा संघात आला होता. पुढच्या वर्षी तो टाउन्सव्हिलच्या काउबॉइजकडे गेला आणि २०१८ पर्यंत तिथेच राहिला. एकूण ३२३ सामने, वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचं डॅली एम पदक चार वेळा.

२०१५ ची फायनल भाच्यासोबत बसून बघाच. वेळ संपता संपता काउबॉइजचा ट्राय झाला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे टेकवला, १६-१६ बरोबरी. ट्रायनंतर मिळणारी जादा गुणांची किक पार कडेवरून थर्स्टनकडे, खांबांच्या मधून गेली की विजेतेपद. चेंडू खांबावर आपटून बाहेर! दुसरा कोणी तिथेच खचला असता. जादा वेळेत ब्रिस्बेनच्या हातून चेंडू निसटला, आणि थोड्याच वेळात यानेच फील्ड गोल, म्हणजे चालू खेळात खांबांमधून एका गुणाची किक, मारून १७-१६ केलं. क्लबचं पहिलं विजेतेपद. मी शंभरदा पाहिलंय, तरी त्या खांबाच्या आवाजाला पोटात गोळा येतोच.

आता नावडती बाजू. २०१७ मध्ये आपल्या राज्यासाठी, क्वीन्सलंडसाठी, खेळताना त्याचा खांदा गेला. तसल्या खांद्याने त्याने शेवटची किक मारून सामना जिंकून दिला, पण त्याचा तो मोसम तिथेच संपला. त्यामुळे मी ताईच्या जागी असतो तर वजनाची नाही, डोक्याच्या माराची काळजी केली असती. एनआरएल या तिथल्या सर्वांत वरच्या लीगमध्ये मेंदूला धक्का बसल्यावर सहसा किमान अकरा दिवस मैदानाबाहेर बसवतात. पोराचा क्लब काय करतो, हे तिने प्रशिक्षकाला तोंडावर विचारावं. आणि बहुतेक पोरांना वरच्या संघाचा करार मिळत नाही, तेव्हा इलेक्ट्रिशियनचं काम असो की कॉलेज, काहीतरी सोबत चालू हवं. यावर घासाघीस करू नका.

पण खेळ बंद करू नका. ताईला म्हणावं, एकदा डबा घेऊन त्याच्या सामन्याला मैदानाच्या कडेला बसून ये.