एफडीला हप्ता नसतो, भाऊ

वणीहून एका वाचकाचं पत्र आलं. जिनिंगमध्ये हिशेबनीस, पगार १९,००० रुपये. "सर, रूम पार्टनर रातभर मोबाइलवर रमी खेळते, लाईटबिलाचं नाव काढलं की अंगावर येते. मले खोली सोडायची आहे. डिपॉझिटचे अर्धे ७,५०० माझे आहेत. घरमालक म्हणते, तुमचं तुमी आपसात पाहा. नव्या खोलीसाठी एफडी मोडू का? कापसाच्या चुकाऱ्यातले ६०,००० टाकले होते. बँकेतले सर म्हणते, पहिला हप्ताच झाला, आता मोडता येत नाही."

खोलीचं नंतर. मी "पहिला हप्ता" या दोन शब्दांवरच अडकलो. साध्या मुदत ठेवीत पैसे एकदाच ठेवतात आणि थोडं व्याज सोडून ती हवी तेव्हा मोडता येते. कागदाचा फोटो मागवला तेव्हा दिसलं ते असं: विमा पॉलिसी, दरवर्षी ६०,००० याप्रमाणे दहा वर्षं, पंधराव्या वर्षी साधारण दहा लाख. तुम्हाला एफडी म्हणून विमा विकलाय.

तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त रक्कम दरवर्षी कुठून आणणार होता? दरवर्षी कापूस पिकेल, भाव मिळेल, या भरवशावर? आणि "सहाचे दहा लाख" ऐकायला गोड वाटतं, पण हिशेब केला तर परतावा पाच टक्क्यांच्या आसपास पडतो. हेच पैसे ७.१ टक्क्यांच्या पीपीएफ या सरकारी बचत योजनेत टाकले तर त्याच मुदतीत साडेबारा लाखांच्या घरात जातात. अडीच लाखांचा फरक बराचसा कमिशन, खर्च आणि विम्याच्या कवचात जिरतो. विम्याचं कवच किती, तर सहा लाख. घरातला कमावता मुलगा गेला तर सहा लाखांत काय होतं?

आता घाई कशाची ते सांगतो. पॉलिसीचा कागद तुम्हाला ४ फेब्रुवारीला मिळाला. मिळाल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे कापून बाकी रक्कम परत येते. म्हणजे ६ मार्चपर्यंत. म्हणून हे छापून येण्याआधीच तुम्हाला मेल केलाय. अर्ज बँकेत देऊ नका, थेट विमा कंपनीकडे लेखी द्या आणि पोच घ्या. बँकेत "साहेब रजेवर आहेत, सोमवारी या" असं तीनदा ऐकलं की महिना उलटतो. मला ही युक्ती पाठ झाली आहे. टाळाटाळ झाली तर विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाका किंवा १५५२५५ वर फोन करा.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की बाबांचं सोसायटीचं ८०,००० पीककर्ज ३१ मार्चला भरायचंय, "ते पुढे फिरवू". कशासाठी? वेळेत भरलं तर तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज महाराष्ट्रात बिनव्याजी पडतं. थकलं की व्याज लागतं आणि पुढच्या हंगामाचं कर्जही अडतं. पॉलिसीचे पैसे आले की सरळ तिथे भरा. कापसाचा पैसा मुळात तिथलाच होता.

खोलीचं थोडक्यात. करार स्टॅम्पपेपरवर आहे, दोघांच्या सह्या आहेत, नोंदणी नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे लेखी करार करून त्याची नोंदणी करून घेणं ही घरमालकाची जबाबदारी. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. भांडायला नको, पण हे त्यांना माहीत असलं की बोलणं सोपं जातं. उलट बाजूही लक्षात घ्या: सही दोघांची, म्हणून पार्टनरचं थकलेलं भाडं मालक तुमच्याकडेही मागू शकतो. गुपचूप निघून गेलात तर तेच होईल. एका महिन्याची सूचना मालकाला आणि पार्टनरला व्हॉट्सॲपवर द्या, आणि "अमुक तारखेनंतर भाड्याची जबाबदारी माझी नाही" असं मालकाकडून लिहून, सही घेऊन ठेवा.

लाईटबिल ३,८०० थकलंय, तुमचे १,९००. हाती येतील ५,६००. तुमच्या जागी नवा माणूस येणार असेल तर तुमचा वाटा त्याच्याकडूनच घ्या, मालकाच्या खिशातून काढण्यापेक्षा ते लवकर होतं. नवी खोली एकट्याची, डिपॉझिट ५,०००. ते पगारातून दोन हप्त्यांत देतो म्हणून विचारा, वणीत लोक ऐकतात. निघायच्या दिवशी मीटरचा फोटो काढा, आकड्याबरोबर मीटर नंबरही दिसू द्या.