मीटिंगमध्ये सुचतं, पण बोलवत नाही

तुम्ही लिहिलंय, नाशिकच्या सातपूरमधल्या कंपनीत कायझेन मीटिंगला (कामात छोट्या-छोट्या सुधारणा सुचवायची बैठक) बसल्यावर डोक्यात काहीतरी येतं, पण 'हे काय भलतंच' असं कोणी म्हणेल म्हणून गिळून टाकता. नाशिकमधल्याच अंबडला कारखान्यात नोकरीला लागलो तेव्हा माझंही हेच चालायचं.

आत्मविश्वास वाढवा वगैरे इतर जण सांगतीलच. माझ्या मते दोष बहुतेक वेळा मीटिंग चालवणाऱ्याचा असतो. आमचे तेव्हाचे विभागप्रमुख (नाव नको) सूचना अर्धी सांगून होते न होते तोच विचारायचे, "खर्च किती? करणार कोण?" एका जुन्या ऑपरेटरने फिक्श्चर (मशीनवर जॉब घट्ट धरून ठेवणारी चौकट) उलटं लावून बघू म्हटलं, तर सगळ्यांसमोर "तुला ड्रॉइंग तरी वाचता येतं का?" असं ऐकवलं. मशीनच्या आवाजावरून टूल झिजलंय हे ओळखणारा माणूस तो! त्यानंतर मीटिंगमध्ये एक शब्द बोलला नाही. त्याचं बघून आम्हीही गप्प. आजही आठवलं की संताप होतो.

ब्रेनस्टॉर्मिंग, म्हणजे गटाने बसून सुचेल ते मांडत जाणं, ज्यांनी रुजवलं त्या अ‍ॅलेक्स ऑसबॉर्न यांचा मूळ नियमच होता की कल्पना येत असताना त्यांच्यावर मत द्यायचं नाही, छाननी नंतर. आणि नुसतं एकत्र बसून बोलल्याने जास्त सुचतं असंही नाही. १९५८ साली येल विद्यापीठातल्या प्रयोगात एकेकट्याने विचार केलेल्यांच्या कल्पना एकत्र केल्या, तर तितक्याच माणसांनी एकत्र बसून काढलेल्या कल्पनांपेक्षा जास्त भरल्या.

म्हणून सुपरवायझरना सुचवा की आधी कागदावर लिहू. ६-३-५ म्हणून पद्धत आहे: ६ जण, प्रत्येकी ३ कल्पना, ५ मिनिटं, मग कागद शेजाऱ्याकडे. तो त्यात आपली भर घालतो. अशा सहा फेऱ्या केल्या की अर्ध्या तासात १०८ कल्पना होतात आणि कुठली कोणाची हे कोणी विचारत बसत नाही. ही पद्धत तुम्ही सुचवली असं वाटू द्यायचं नसेल तर चहाच्या वेळी एखाद्या सीनियरच्या कानावर घाला.

आणखी एक, जरा विषयांतर. मीटिंग मराठीत घ्या म्हणावं. इंग्रजी स्लाइड लागली की लाइनवरची निम्मी माणसं तिथेच गप्प होतात, आणि खरी अडचण त्यांनाच माहीत असते.

मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. मीटिंगच्या आदल्या रात्री झोप उडत असेल तर डॉक्टरांना भेटा. साहेबच डूख धरणारे असतील तर कागदाचाही उपयोग होईलच असं नाही, तिथे मी दुसरी नोकरी बघायला सांगेन.

तुमच्याकडे फळ्यावर सूचना कोण लिहितं, आणि नावासकट लिहितात का? ते कळवा, मग नेमकं सांगता येईल.