बेरेवरचं पदक? बिल्ला म्हणा हो!

प्रश्न असा आलाय की जवानांच्या बेरेवर (ती एका बाजूला कललेली मऊ टोपी) जे धातूचं चिन्ह असतं त्याला पदक म्हणायचं की बिल्ला, त्याचा अर्थ काय, आणि टोपीला बेरे म्हणायचं की बेरेट.

पदक नाही हो! पदक छातीवर लागतं, शौर्याबद्दल नाहीतर सेवेबद्दल मिळतं. टोपीवरचा तो बिल्ला, आणि तो एवढंच सांगतो की हा गडी कुठल्या पलटणीचा. २०१९ च्या वर्ल्ड कपात धोनीच्या ग्लोव्हजवर पंखवाला खंजीर दिसला तेव्हा 'बलिदान पदक, बलिदान पदक' ऐकून कान किटले होते. अरे ते पॅरा स्पेशल फोर्सेसचं, म्हणजे आपल्या लष्करातल्या छत्रीधारी कमांडोंचं चिन्ह आहे, मेडल कुठून आलं त्यात? दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश सेनापती मॉन्टगोमरी तर बेरेवर दोन दोन बिल्ले लावायचा, एक जनरलचा आणि एक टँक रेजिमेंटचा, म्हणून काय त्याला डोक्यावर दोन पदकं मिळाली होती? मराठा लाईट इन्फंट्रीच्या बिल्ल्यात बिगूल आहे तोही असाच, पूर्वी लाईट इन्फंट्रीवाले मुख्य फौजेच्या पुढे पांगून लढायचे आणि त्यांना हुकूम ढोलावर नाही, बिगुलावर मिळायचे. काहींना बिल्ला शब्द हलका वाटतो, हमालाच्या दंडावर असतो म्हणून. वाटू दे.

आता खरी गंमत. बऱ्याच पायदळ पलटणींत बिल्ल्याच्या मागून पिसांचा झुबका वर येतो, इंग्रजीत हॅकल, आपल्याकडे सरळ तुरा. (हॅकल म्हणजे खरं तर कोंबड्याच्या मानेवरची पिसं, आपला कोंबडा मात्र तुरा डोक्यावर मिरवतो.) आणि हा तुरा बघितला की मला ते शुद्धीपंडित आठवतात जे दर वेळी 'शिरपेचात मानाचा तुरा' वर लाल शाई मारतात, का तर म्हणे शिरपेच हाच दागिना, दागिन्यात दागिना कसा खोवणार, 'पगडीत तुरा' लिहा. साफ चूक! शिरपेच म्हणजे फारसी सरपेच, सर म्हणजे डोकं आणि पेच म्हणजे पीळ, वेढा, म्हणजे डोक्याभोवती गुंडाळायचं ते. कुस्तीतला डावपेच, पतंगाचा पेच आणि पेचप्रसंग, सगळा तोच पीळ. 'सर'चं आपण 'शिर' केलं, तेही काही बिघडवलं नाही, कारण फारसी सर आणि संस्कृत शिरस् मुळात सख्खी भावंडं. म्हणजे वेढ्यात तुरा खोवला, चुकलं कुठं? आणि दागिनाच धरायचा असेल तर माझं म्हणणं असं की सैन्यातला टोपीचा बिल्ला हाच आजचा शिरपेच, कपाळावर बसतो, घराणं सांगतो, आणि त्याच्यामागून तुरा निघतो! पटत नसेल तर शीख जवान बघा, ते बेरे घालत नाहीत, तोच पलटणीचा बिल्ला थेट पगडीवर लावतात. आता मारा लाल शाई.

हां, बेरे की बेरेट राहिलंच. शब्द फ्रेंच आहे, शेवटचा ट लिहितात, बोलत नाहीत. बेरे.