एका बोर्डाची माहिती किती फाइलींत ठेवावी?

प्रश्न : आमच्या नव्या बोर्डावर आम्ही एम्बेडेड लिनक्स चालवत आहोत. चिप-उत्पादकाच्या नमुना बोर्डाची डिव्हाइस ट्री फाइल (बोर्डावर कोणते हार्डवेअर कुठे जोडले आहे हे लिनक्सला सांगणारी फाइल) जशीच्या तशी कॉपी करून तीत बदल केले. आता टचस्क्रीन बदललेली दुसरी आवृत्ती आली, म्हणून आणखी एक प्रत काढली. पण एकीतली दुरुस्ती दुसरीत करायची राहून जाते. फाइलींची मांडणी कशी असावी?

उत्तर : जी गोष्ट ज्या हार्डवेअरची, ती त्याच्याच फाइलीत असावी. चिपच्या आतले सर्व काही उत्पादकाच्या डीटीएसआय फाइलीत, म्हणजे इतर डिव्हाइस ट्री फाइलींत समाविष्ट करायच्या सामाईक फाइलीत, असते. तिला हात लावू नये, कारण मग कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलताना दर वेळी तेच बदल पुन्हा बसवावे लागतात. उदाहरणार्थ, आयटूसी (चिपांना दोन तारांनी जोडणारी बस) कंट्रोलरचा पत्ता, इंटरप्ट आणि क्लॉक तेथे दिलेले असतात व त्याचे स्टेटस सहसा 'डिसेबल्ड' असते. आपल्या फाइलीत त्याच कंट्रोलरचा लेबलने उल्लेख करून स्टेटस 'ओके' करावे, पिन ठरवाव्यात आणि त्या बसवर हेक्साडेसिमल ४८ या पत्त्यावर बसवलेला तापमान सेन्सर नोंदवावा. मात्र असे बदलताना एक लक्षात असू द्यावे : नंतर लिहिलेली प्रॉपर्टी (स्टेटससारखे नाव व त्याचे मूल्य) आधीच्या प्रॉपर्टीत भर घालत नाही, तिची जागाच घेते; त्यामुळे यादीतला एकच घटक बदलायचा असला, तरी संपूर्ण यादी पुन्हा लिहावी लागते.

दोन्ही आवृत्त्यांत समान असलेला भाग बोर्डाच्या डीटीएसआयमध्ये घ्यावा आणि प्रत्येक आवृत्तीच्या छोट्या डीटीएस फाइलीत टचस्क्रीनचा नोड (त्या उपकरणाची नोंद) व बोर्डाचे नाव एवढेच ठेवावे. हार्डवेअरची ओळख सांगणाऱ्या 'कम्पॅटिबल' यादीत आधी आपला बोर्ड, नंतर चिप असा क्रम असतो. ओव्हरले (मूळ डिव्हाइस ट्रीवर नंतर चढवायचे तुकडे) फक्त काढता-घालता येणाऱ्या जोडबोर्डांसाठी वापरावेत. कायम सोल्डर केलेल्या भागांसाठी ते वापरल्यास नेमके काय लागू आहे हे शोधणे कठीण होते. कर्नल ६.५ पासून ३२-बिट आर्मच्या फाइलीही उत्पादकनिहाय फोल्डरांत गेल्या आहेत, तेव्हा आपल्या फाइली तेथेच ठेवून मेकफाइलमध्ये (काय बिल्ड करायचे ते सांगणाऱ्या फाइलीत) नोंदवाव्यात.

या सर्वाआधी नमुना बोर्डाचे उरलेले नोड काढून टाकावेत, असे मी आग्रहाने सांगेन. त्या बोर्डावर एखादी जीपीआयओ पिन (सॉफ्टवेअरने चालू-बंद करता येणारी पिन) व्होल्टेज पुरवणारा रेग्युलेटर चालू करत असेल आणि आपल्या बोर्डावर तीच पिन दुसऱ्या चिपच्या आउटपुटला जोडलेली असेल, तर दोन आउटपुट एकमेकांविरुद्ध चालून चिप निकामी होऊ शकते. हे टाळण्यासाठी, तयार झालेली डीटीबी फाइल (डिव्हाइस ट्रीचे कंपाइल केलेले रूप) डीटीसी या डिव्हाइस ट्री कंपायलरने उलट उलगडावी आणि स्टेटस 'ओके' असलेला किंवा स्टेटसच न दिलेला प्रत्येक नोड सर्किटच्या आकृतीशी पिनागणिक ताडून पाहावा.