दगडांचे वर्तुळ आणि नाट्यगृहाचे अंगण

प्रश्न : गेल्या वर्षी मुलीकडे अमेरिकेत गेलो असताना हार्वर्ड विद्यापीठाच्या आवारात धोंड्यांचे एक वर्तुळ आणि त्यातून उठणारे धुके पाहिले. ते भूदृश्यरचनेचे नावाजलेले उदाहरण असल्याचे कळले. आता आमच्या नाट्यगृहाच्या अंगणासाठीही अशाच ‘मिनिमलिस्ट’ शैलीचा, म्हणजे खडी आणि चार झाडे एवढाच, आराखडा पुढे आला आहे. याला रचना म्हणावे की काटकसर? – एक वाचक, नाशिक जिल्हा

उत्तर : आपण पाहिलेले टॅनर कारंजे अमेरिकी भूदृश्यरचनाकार पीटर वॉकर यांनी १९८४ मध्ये साकारले. तेथे १५९ धोंडे सुमारे साठ फूट व्यासाच्या वर्तुळात बसवले आहेत. कारंज्याला ना हौद, ना कठडा. मधल्या भागातून उडणारे बारीक तुषार धोंड्यांवर धुक्यासारखे तरंगतात आणि पाणी गोठवणाऱ्या हिवाळ्यात त्यांच्या जागी वाफ सोडण्याची योजना केलेली आहे. वर्तुळ हिरवळीवर आणि डांबरी पाऊलवाटांवर सारखेच पसरलेले असल्यामुळे वाटसरू त्याच्या बाहेर राहतच नाही: तो धोंड्यांमधून वाट काढतो, एखाद्यावर टेकतो, आणि मुले तर त्यांवर चढतातच. एकाच वस्तूकडून अशी चार कामे करून घेता आली, तरच बाकीच्या वस्तू वगळण्याचा अधिकार रचनाकाराला मिळतो, असे मला वाटते.

काटकसरीचे म्हणाल, तर अशी जागा राखणे मुळीच स्वस्त नसते. जपानमधील क्योटोच्या र्योआन-जी मंदिरात पांढऱ्या खडीत १५ दगड आहेत, आणि सज्जात कोठेही बसले तरी त्यांतला एखादा नजरेआड राहतो. मात्र ही खडी तेथील भिक्षू नेमाने दाताळ्याने ओढतात म्हणूनच तो परिणाम टिकतो. मोजक्या वस्तूंच्या अंगणात चहाचा एक चुरगळलेला कपही डोळ्यांत खुपतो. आपल्या नाट्यगृहात मध्यंतरानंतर अंगण झाडायला माणूस असेल का?

शिवाय आपले ऊन वेगळे आहे. भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रात (१९८२) वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी इमारत तलावाकडच्या उतारात दडवली आणि बाहेर मुख्यतः दोनच गोष्टी ठेवल्या: पायरीपायरीने उतरणाऱ्या गच्च्या आणि जमिनीच्या पातळीखालची अंगणे. दुपारी अंगणात सावली मिळते, तर सकाळ-संध्याकाळ गच्चीवर मोकळी हवा. सार्वजनिक सांस्कृतिक वास्तूंपुरते बोलायचे, तर आपल्या आराखड्याची तुलना मी हार्वर्डपेक्षा भोपाळशी करीन. उघड्यावरची खडी मे महिन्यात तव्यासारखी तापते आणि चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्या प्रेक्षकाला तिच्यावरून जाताच येत नाही.

तेव्हा समितीच्या बैठकीत शैलीचे नाव बाजूला ठेवून आराखड्यावर बोट ठेवून विचारा: ही चार झाडे कोणती आहेत, मे महिन्यात दुपारी चार वाजता त्यांची सावली तिकीट खिडकीच्या रांगेवर पडेल की रस्त्यावर, आणि जुलैतल्या पावसाचे पाणी या खडीखालून कोठे जाईल?