फोर बाय फोर गाडी पुराच्या पाण्यातून आणली, डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसचं ऑइल लगेच बदलायचं का?

होय, पाणी ॲक्सलच्या वर गेलं असेल तर दोन्ही डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलवरचे गिअरचे डबे) आणि ट्रान्सफर केस (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारा गिअरबॉक्स), तिन्हींचं ऑइल बदलाच, पुढच्या सर्व्हिसची वाट बघू नका. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हेच काम करतो, पंचगंगेचं पाणी उतरलं की अशा गाड्या येतातच. चालून गरम झालेलं डिफरन्शियल पाण्यात बुडलं की आतली हवा एकदम गार होऊन आकसते आणि ब्रीदरमधनं (हवा ये-जा करायच्या वाटेनं) नाहीतर सीलमधनं पाणी आत ओढलं जातं, मग बेअरिंग गंजतात आणि आवाज यायला लागेपर्यंत कळतच नाही. ऑइल दुधाच्या चहासारखं निघालं तर पाणी नक्की गेलंय, तसं असेल तर नवीन घालून थोडं चालवा आणि परत एकदा बदला. आणि आधी वरचा फिलर प्लग सुटतोय का बघा, मगच खालचा ड्रेन काढा, वरचा जाम निघाला तर ऑइल भरणार कुठनं? फक्त ग्रेड मॅन्युअलमध्ये बघूनच घ्या, डिफरन्शियलला बहुतेक जीएल-५ (गिअर ऑइलचा दर्जा) मधलं ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९० लागतं पण ट्रान्सफर केसला काही गाड्यांत एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) असतं, सगळीकडे एकच ऑइल ओतू नका.